मिरगाआधी चप्पल आवरा

कोल्हापुरी चप्पल पहिल्या पावसात भिजवली आणि मग 'माल हलका निघाला' म्हणून कोल्हापूरच्या चप्पल लाईनीतल्या, म्हणजे चपलांच्या बाजारातल्या, दुकानदाराला नावं ठेवली, हे आमच्याकडं दरवर्षी चालतं. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनानं पाणी अडत नाही. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं पाणी पितं, फुगतं, मग तळाचे थर सुटायला लागतात.

म्हणून ७ जूनच्या आसपास, मिरीग (मृग नक्षत्र) निघायच्या आत, अर्धा तास काढा. आधी कोरड्या फडक्यानं धूळ पुसा, शिवणीतली माती जुन्या दातब्रशनं काढा. मग बोटावर थोडंसं एरंडेल घेऊन पट्टा, अंगठा आणि कडांना चोळा. थोडंसंच. तेलानं रंग जरा गडद होतो, म्हणून आधी आतल्या बाजूला लावून बघा. रात्रभर मुरू द्या, सकाळी जादा तेल पुसा. मग वर्तमानपत्रात गुंडाळून कापडी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत हमखास बुरशी धरते.

चुकून भिजलीच तर उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, चामडं तडकतं. पट्ट्याखाली कागदाचे बोळे कोंबून सावलीत, पंख्याखाली वाळवा. शिवण उसवलेली दिसली तर त्याच आठवड्यात चांभाराकडं न्या. दोन टाक्यांचं काम असतं तोवर तो हसत करून देतो.

पावसाळाभर रबरी चप्पल. दसऱ्याला कोल्हापुरी परत पायात.