'वाचलंस ना? मग बोल ना!' : ऑनलाइन डेटिंगच्या वैतागावर डिस्को-पॉप गाणं कसं करावं

माझी एक मैत्रीण तीन आठवडे एका मुलाशी रोज रात्री अ‍ॅपवर बोलत होती. भेटायचं ठरलं. फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका कॅफेत ती चाळीस मिनिटं वाट बघत बसली, तो आला नाही, आणि ती घरी पोहोचेपर्यंत त्याने तिला अनमॅचही केलं होतं, म्हणजे तिथला संपर्कच तोडून टाकला होता. रिक्षातून तिने मला फोन केला तेव्हा ती रडत नव्हती. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, 'नको तर नको म्हण ना, पण बोल तरी ना!' त्या वाक्याला ठेका होता. त्यावरून आम्ही दोघींनी एक गाणं केलं. करताना जे हाताला लागलं, ते इथे पायरीपायरीने देते आहे.

सामान फार लागत नाही. फोन, तारेचे इयरफोन आणि एक मोफत अ‍ॅप. आयफोन असेल तर गॅरेजबँड, अँड्रॉइड असेल तर बँडलॅब. हार्मोनियम किंवा छोटा कीबोर्ड घरात असेल तर चाल लावायला सोपं जातं.

आधी एक गोष्ट पक्की करा

गाण्याचे शब्द दुखावलेले असतील, पण ठेका दुखावलेला नसेल. डिस्कोचा जीव यातच आहे. हे संगीत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यू यॉर्कच्या नाचघरांत वाढलं. तिथे येणारी बरीच माणसं कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी होती. बाहेर ज्यांना आवडत्या माणसाचा हात मोकळेपणाने धरता येत नव्हता, ती तिथे रात्रभर नाचत. त्यामुळे एकटेपणाचे शब्द आणि पाय थांबू न देणारा ताल हे दोन्ही या संगीतात पहिल्यापासून एकत्र आहेत.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. लावणीतली नायिका सखीला विरह सांगते, न आलेल्या सख्याची तक्रार करते, आणि खाली ढोलकी जोरात चालू असते. तिची तक्रार खोटी नसते आणि ढोलकीही खोटी नसते. गाणं करताना कुठे अडलात तर लावणीकडे बघा. आम्ही बघितलं.

पायरी पहिली : एकच तक्रार निवडा

कागद घ्या आणि डेटिंग अ‍ॅपवर जे जे छळतं ते लिहून काढा. 'हाय, काय करतेस?' एवढं विचारून गायब होणारे. दहा वर्षांपूर्वीचे फोटो. बायोमध्ये फक्त उंची. मेसेज वाचून दिवसेंदिवस गप्प बसणं. 'सध्या सीरियस काही नको' हे दीड महिन्याने सांगणं. यादी लांब होईल. मग त्यातली एकच तक्रार ठेवा आणि बाकीच्या खोडा.

हे जड जातं, पण सगळ्या तक्रारी एका गाण्यात कोंबल्या की ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. आम्ही मौन निवडलं. कारण नकार सोसता येतो. माणूस आहे की नाही हेच न कळणं सोसत नाही.

आणि खरं नाव, खरा फोटो, खऱ्या चॅटमधलं वाक्य जसंच्या तसं गाण्यात घेऊ नका. गावाचं नाव, नोकरी, असं ओळखू येईल असं काहीही बदला. तुमचा राग खरा असला तरी समोरच्याला चव्हाट्यावर आणायचा परवाना त्यातून मिळत नाही.

पायरी दुसरी : ध्रुवपदाचं वाक्य शोधा

ध्रुवपद म्हणजे लोक तुमच्याबरोबर ओरडणार आहेत ते वाक्य. ते छोटं असावं आणि बोलताना तोंडात येईल असंच असावं. आमचं असं झालं :

वाचलंस ना? मग बोल ना!
नको तर नको, पण बोल ना!
या निळ्या खुणांना ओल ना,
मग बोल ना, बोल ना!

इथे थोडं थांबते, कारण मराठीने दिलेली एक मोठी देणगी इथे आहे. 'ना' हा एकच शब्द, पण 'वाचलंस ना'मध्ये तो खात्री करून घेतो, 'बोल ना'मध्ये आर्जव करतो, आणि 'ओल ना'मध्ये सरळ नकार देतो. तोच आवाज तीन वेळा कानावर पडतो आणि दर वेळी वेगळा लागतो. अशी जागा सापडली की तिला धक्का लावू नका. तुमच्या वाक्यातही 'गं', 'रे', 'बरं', 'की' असे छोटे शब्द शोधा. मराठी माणसाचा वैताग बहुतेक वेळा त्यांच्यातच असतो, आणि ते शेवटी ठेवले की टाळीसाठी आपोआप जागा होते.

आता शब्द मात्रेवर बसवा. लिहिताना 'बोल' दोन अक्षरं दिसतात, पण उच्चारात ल पाय मोडून येतो आणि एकच ठोका लागतो. 'वाचलंस'सुद्धा वाच-लंस असं दोन ठोक्यांत बसतं. कागदावरची अक्षरं मोजत बसलात तर ओळ लंगडेल. मांडीवर ताल धरून मोठ्याने म्हणा आणि मगच लिहा. इंग्रजीतून आलेले शब्दही असेच तपासा. 'मॅच' एका ठोक्यात संपतो, म्हणून ओळीच्या शेवटी छान आपटतो. 'नोटिफिकेशन' मात्र पाच तुकड्यांचा शब्द, तो भरभर म्हणायच्या जागीच शोभतो.

अंतऱ्यात भाष्य नको, चित्र हवं. 'आजकाल प्रेम उरलं नाही' असल्या ओळी लिहू नका. वेळ, वस्तू, हाताची हालचाल लिहा :

रात्रीचे साडेदहा, पंखा गरगरतो,
अंगठा उजवीकडे, डावीकडे फिरतो,
पंचविसावा चेहरा हसून 'हाय' म्हणतो,
'काय करतेस?' विचारून कुठे गं हरवतो?

शेवटच्या ओळीतला 'गं' सखीसाठी आहे. अंतरा मैत्रिणीला सांगायचा, ध्रुवपद त्या गप्प माणसाला. एवढ्या बदलाने गाण्यात दोन माणसं उभी राहतात.

पायरी तिसरी : ठेका

वेग १२० बीपीएम, म्हणजे मिनिटाला १२० ठोके, ठेवा. डिस्कोची बरीच गाणी ११० ते १३० च्या दरम्यान असतात, पण १२० ला हिशोब सोपा होतो : चार ठोक्यांचा एक बार बरोबर दोन सेकंदांचा.

किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, प्रत्येक ठोक्यावर. चारही. सोडायचा नाही, सजवायचा नाही. दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर टाळी किंवा स्नेअर, म्हणजे कडक वाजणारा छोटा ड्रम. आणि दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये उघडी हाय-हॅट, म्हणजे एकावर एक बसवलेल्या झांजांची जोडी, किंचित उघडी ठेवून वाजवलेली. तोंडाने म्हणून बघा : 'धम्-त्स, धम्-त्स, धम्-त्स, धम्-त्स'. तो 'त्स' म्हणजेच डिस्को. तो काढला तर उरतं ते नुसतं चालणं. तबला शिकलेल्यांनी केरव्याच्या आठ मात्रा मोजाव्यात, विषम मात्रांवर किक आणि सम संख्येच्या मात्रांवर 'त्स'. प्रत्येक ठोक्यावरची किक आणि उघडी हाय-हॅट यांची ही जोडी पक्की करण्यात फिलाडेल्फियाचे ड्रमवादक अर्ल यंग यांचा मोठा वाटा आहे, १९७३ च्या सुमाराचं त्यांचं काम मुद्दाम ऐका.

मग बास, म्हणजे खालच्या सुरांचं वाद्य. खालचा सा ठोक्यावर आणि वरचा सा मधल्या 'त्स'वर, अशी सप्तकाची उडी मारत राहायचं. याचा आणखी एक फायदा आहे : फोनच्या स्पीकरमधून खर्जातला बास जवळजवळ ऐकूच येत नाही, वरच्या सप्तकातला येतो. तुमचं गाणं पहिल्यांदा फोनवरच ऐकलं जाणार आहे.

गिटारसाठी अ‍ॅपमधला 'फंक' प्रकार घ्या. तारा दाबून धरलेली कोरडी 'चिक-चिक' हवी, घुमणारी नको.

पायरी चौथी : पट्टी आणि कॉर्ड

सगळ्यात आधी ध्रुवपदातला सर्वांत वरचा 'बोल' गुणगुणून बघा. तो ताणून पण न चिरकता लागला पाहिजे, त्यावरून पट्टी ठरवा. मी इथे सोयीसाठी पांढरी सहा (म्हणजे ए हा सा) धरते, तुम्ही सरकवा.

अंतऱ्याला कॉर्डचं, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांचं, आठ बारचं हे चक्र लावा : ए मायनर, डी मायनर, जी, सी, एफ, डी मायनर आणि शेवटचे दोन बार ई. बाकी सगळीकडे कोमल निषाद असताना ई कॉर्डमध्ये शुद्ध निषाद येतो, आणि तो षड्जाकडे इतका ओढतो की ऐकणारा श्वास धरून बसतो. अंतऱ्यातला प्रश्न, म्हणजे 'कुठे गं हरवतो?', बरोबर त्या ई वर लटकवा. ध्रुवपदाचं 'वाचलंस' ए मायनरवर, पहिल्या ठोक्यावर पडू द्या. ओढलेली दोरी सुटल्यासारखं वाटेल.

ध्रुवपदाखाली हेच चक्र चालेल. नवीन कॉर्ड शोधण्यात दिवस घालवू नका.

पायरी पाचवी : मांडणी

सुरुवातीचे ४ बार ठेक्याशिवाय ठेवा, फक्त पियानो आणि आवाज. ग्लोरिया गेनर यांचं १९७८ चं 'आय विल सर्व्हाइव्ह' असंच सुरू होतं : आधी मोकळा, घाबरलेला आवाज आणि मग ठेका उचलून घेतो. आपल्या विषयाला ही सुरुवात फार शोभते, कारण रात्री फोन हातात घेऊन बसलेलं माणूस आधी एकटंच असतं.

मग पहिला अंतरा १६ बार, चढण ८, ध्रुवपद १६. दुसरा अंतरा फक्त ८ बारचा, कारण आता गोष्ट माहीत झालेली आहे. पुन्हा चढण ८, ध्रुवपद १६. मग ८ बार फक्त ठेका, बास आणि टाळ्या. शेवटी ध्रुवपद १६. सगळे मिळून १०० बार, म्हणजे तीन मिनिटं वीस सेकंद.

'चढण' म्हणजे अंतऱ्यातून ध्रुवपदाकडे नेणारा तुकडा, अंतऱ्याच्या शेवटच्या ई चा ताण तोच पुढे लांबवतो. इथे भरभर शब्द टाका : 'टायपिंग दिसतं, थांबतं, दिसतं, थांबतं...' ही ओळ एका सुरावर म्हणत राहिलं की अस्वस्थता आपोआप वाढते. व्हायोलिनचा सूर मागे हळूहळू वर चढवा, आणि ध्रुवपदाच्या आधी अर्धा बार सगळं बंद करा.

ध्रुवपदात व्हायोलिन गाण्याच्या ओळीवर वाजवू नका, ओळ संपल्यावरच्या रिकाम्या जागेत वाजवा. तो माणूस उत्तर देत नाही, निदान व्हायोलिन तरी देतंय असं वाटतं.

पायरी सहावी : आवाज

पंखा बंद, खिडक्या बंद. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून गा, कपडे खोलीतला घुमार शोषून घेतात. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला, म्हणजे 'फ', 'प' फुटत नाहीत. ठेका इयरफोनमध्येच ऐका, नाहीतर तोही रेकॉर्ड होतो.

अंतरा एकदाच, बोलल्यासारखा. ध्रुवपद तीनदा स्वतंत्रपणे गाऊन एकावर एक ठेवा, एक मध्ये, एक डावीकडे, एक उजवीकडे. 'बोल ना'ला दोन-तीन मैत्रिणींना बोलवा. एकटीची तक्रार तिथे सगळ्यांची होते. आमच्याकडे त्या दिवशी तिघी आल्या होत्या, आणि प्रत्येकीने ते 'बोल ना' कुणाला उद्देशून म्हटलं ते विचारावं लागलं नाही.

आवाजाची पातळी लावताना आधी फक्त किक आणि गाणाऱ्याचा आवाज ठेवा, मग बास, मग बाकी सगळं. शब्द कळत नसतील तर गिटार कमी करा, आवाज वाढवू नका.

शेवट कसा करावा

इथे आमचा वाद झाला होता. तिला गाणं ए मायनरवर, घरी आल्यासारखं संपवायचं होतं. मला वाटत होतं, उत्तर आलेलंच नाही तर घरी यायचं कशाला? शेवटी आम्ही शेवटचं 'बोल ना' ई कॉर्डवर ठेवलं, सगळी वाद्यं एकदम तोडली आणि दोन बार नुसती शांतता सोडली. त्या चार सेकंदांत तिने पहिल्यांदा ऐकताना डोळे मिटून घेतले, आणि मग म्हणाली, 'हेच. अगदी हेच.'