जेट स्कीचा एक्झॉस्ट मिठापासून कसा वाचवायचा

तारकर्ली असो नाहीतर काशिद, सीझनला जेट स्की दिवसभर खाऱ्या पाण्यात असते आणि संध्याकाळी वरून पाईप मारला की झाली धुऊन, असं आपण धरून चालतो. बॉडी चकाचक दिसते, पण मीठ बसलंय आत एक्झॉस्टमध्ये, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर जायच्या वाटेत, तिथे वरचं पाणी पोचतच नाही.

सी-डू कंपनीची जेट स्की असणारे लगेच म्हणतात की आमच्याकडे कूलंट आहे, बंद सर्किट आहे, आम्हाला टेन्शन नाही. इंजिनात खारं पाणी जात नाही हे खरं, पण एक्झॉस्ट त्यातही समुद्राच्या पाण्यावरच थंड होतो. यामाहाच्या वेव्हरनर जेट स्कीमध्ये तर इंजिन आणि एक्झॉस्ट दोन्हीकडे तेच पाणी फिरतं. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं त्यात, गाडी बंद केली की जॅकेटमध्ये (एक्झॉस्टभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत) उरलेलं पाणी गरम धातूवर आटतं आणि मीठ तिथेच चिकटतं, त्या थराखाली अॅल्युमिनियमला बारीक खड्डे पडत जातात आणि बाहेरून पेंट शाबूत असतो, त्यामुळे भोक पडेपर्यंत कळतच नाही.

म्हणून शेवटची राईड संपली की रोज फ्लशिंग, म्हणजे नळाचं गोडं पाणी आतून फिरवून मीठ धुणं. क्रम पाठ करा: फ्लशिंगच्या तोंडाला पाईप जोडायचा, आधी इंजिन चालू, मग लगेच नळ. मॅन्युअलमध्ये दिलीयेत तेवढी मिनिटं आयडलला ठेवायचं. बंद करताना आधी नळ बंद, मग दोन-तीनदा हलकी रेस देऊन वॉटरबॉक्समधलं (एक्झॉस्टच्या वाटेवर पाणी साठतं तो डबा) पाणी बाहेर उडवायचं आणि लगेच इंजिन बंद, पाण्याशिवाय १०-१५ सेकंदांच्या वर चालवायचं नाही, नाहीतर रबरी होज भाजतात.

हे उलटं केलं तर काय होतं ते मी पहिल्याच सीझनला पाहिलंय. इंजिन बंद केलं, फोन आला, नळ चालूच राहिला. पाणी बाहेर ढकलायला एक्झॉस्टचं प्रेशर नाही, मग वॉटरबॉक्स भरला आणि पाणी मागे चढून सिलिंडरमध्ये. दुसऱ्या दिवशी बटन दाबलं तर नुसतं 'टक्'. नशीब की पुन्हा पुन्हा दाबलं नाही, कारण पाणी काही दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून सेल्फ मारला तर पाण्याची पिचकारी थेट शर्टावर. तुमच्याकडे असं झालं तर पाणी काढून, ऑइल बघून (दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर बदलायचंच, तेही एकदा नाही, दोन-तीनदा) गाडी त्याच दिवशी चालू करा. पाणी आत रात्रभर राहिलं तर गंज धरतो.

आणि फ्लशिंगचं पाणी गोडं आहे का ते आधी चाखून बघा. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात, त्या पाण्याने धुवायचं म्हणजे मिठाने मीठ धुणं, त्यापेक्षा एक ड्रम टँकरचं पाणी आणि छोटा पंप ठेवलेला परवडतो.

आता लीक. सीट काढून टॉर्च मारा आणि पांढरं शोधा, काळं नंतर. मॅनिफोल्डच्या (सिलिंडरमधला धूर एकत्र येतो त्या भागाच्या) जोडावर, होजच्या टोकाला, क्लॅम्पखाली पांढरी खपली किंवा खाली ओघळलेली मिठाची रेघ दिसली की तिथून पाणी झिरपतंय समजा. काजळी दिसली तर धूरही यायला लागलाय. शंका असेल तर गाडी उघड्यावर फ्लशिंगला लावून जोडांवर साबणाचं पाणी ब्रशने लावा, बुडबुडे आले की जागा सापडली. हे शेडमध्ये दार लावून करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बहुतेक वेळा दोषी असतो क्लॅम्प. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या क्लॅम्पची पट्टी स्टेनलेस असते पण स्क्रू साध्या लोखंडाचा, दोन महिन्यांत त्याचा चुरा होतो. चुंबक लावून बघा, स्क्रूला खटकन चिकटला तर परत द्या. ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे घ्या, आणि आवळताना रबर कापेपर्यंत आवळू नका. होज दाबल्यावर कडक लागला किंवा टोकाला चिरा दिसल्या तर क्लॅम्प घट्ट करून काही उपयोग नाही, होजच बदला. मॅनिफोल्ड उघडला तर गॅस्केट (जोडामधली सील) नवीनच, जुनंच गॅस्केट सिलिकॉन थापून बसवणारे मेकॅनिक भेटतात, त्यांना नमस्कार करा आणि पुढे जा. स्टेनलेस बोल्ट अॅल्युमिनियममध्ये जातो तिथे अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट) लावा, नाहीतर दोन धातू आणि खारं पाणी मिळून बोल्ट असा धरतात की काढताना तुटतो. तुमच्या मॉडेलला झिंकचा अॅनोड (स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणारा तुकडा) असेल तर निम्मा झिजला की बदला, त्याला पेंट मारू नका (मारतात लोक!).

पाण्यात गाडी बंद पडली आणि बोटीने ओढत आणायची असेल तर एकदम हळू, जोरात ओढलं की पंपातून पाणी कूलिंग लाईनमध्ये घुसतं आणि इंजिन बंद असल्याने परत वॉटरबॉक्स भरतो. लांब ओढायचं असेल तर पंपाकडून येणारा कूलिंग होज चिमटा लावून बंद करा, पण चालू करायच्या आधी तो काढा. उलटली तर मागच्या स्टिकरवर बाण आहे त्याच दिशेने सरळ करायची, नाहीतर वॉटरबॉक्समधलं पाणी सिलिंडरमध्ये जातं.

पावसाळ्यात गाडी बंद असते तेव्हा शेवटचं फ्लशिंग करून, सिलिंडरमध्ये फॉगिंग ऑइल (गंज धरू नये म्हणून मारायचं तेल) मारून, सीट थोडी उघडी ठेवा म्हणजे आत दमट राहत नाही. उंदीर होज कुरतडतात आणि कुंभारीण माशी कूलिंगच्या पाण्याची धार येते त्या छोट्या भोकात मातीचं घर करते, मग सप्टेंबरात धार येत नाही आणि आपण पंप खोलून बसतो. त्या भोकावर आणि एक्झॉस्टच्या तोंडावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा बांधा, आणि चावीला एक लाल चिंधी, म्हणजे चालू करायच्या आधी जाळी काढायची आठवण राहते.