लॅबच्या पीसीवर अ‍ॅडमिन पासवर्डशिवाय आर, आरस्टुडिओ आणि क्यूजीआयएस

परभणीच्या कृषी विद्यापीठात असा की लातूर-नांदेडच्या कॉलेजात, लॅबच्या पीसीवर सेटअप फाईल उघडली की विंडोज अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतं. हा पासवर्ड बहुतेक वेळा सॉफ्टवेअरसाठी नसतो, जागेसाठी असतो. ‘प्रोग्रॅम फाईल्स’ आणि ‘विंडोज’ ही फोल्डरं सगळ्यांची सामाईक. तिथं साध्या यूजरला काही लिहिता येत नाही. ‘यूजर्स’मधलं तुमच्या लॉगिनचं फोल्डर मात्र तुमचं. तिथं बसणाऱ्या सॉफ्टवेअरला कुणाची परवानगी लागत नाही. त्यामुळे पासवर्ड मिळवायच्या खटपटीत पडूच नका. लॅबमध्ये स्वतःचं सॉफ्टवेअर वापरलेलं चालतं का, एवढं लॅब असिस्टंटला आधी विचारा.

थीसिसच्या आकडेमोडीला आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर लागतं. ते पीसीवर आधीच असेल तर पुन्हा बसवू नका, फक्त पॅकेजेस, म्हणजे त्याला जोडायचे जादा कामांचे संच, घाला. प्रयोगाच्या प्लॉटचं विश्लेषण करायला ‘अ‍ॅग्रिकोली’ हे पॅकेज घेताना आर सांगतं की लायब्ररीत लिहिता येत नाही, आणि विचारतं, स्वतःची वेगळी लायब्ररी वापरायची का? तिथं ‘येस’ म्हणा. घाबरून ‘नो’ दाबलं की काम तिथंच थांबतं. पुढं कधी दुसरा प्रश्न येतो: काही पॅकेजेस सोर्समधून, म्हणजे मूळ कोडवरून, कंपाईल करायची का? इथं ‘नो’. ‘येस’ म्हटलं तर आरटूल्स ही कंपाईल करायची साधनं लागतात, आणि ती नसली की लाल एररची रांग लागते.

आर नसेलच तर त्याचा इन्स्टॉलर चालवा. जागा विचारणाऱ्या खिडकीत ‘प्रोग्रॅम फाईल्स’ दिसलं तर ते बदलून तुमच्या यूजर फोल्डरमधलं ‘अ‍ॅपडेटा’, त्यातलं ‘लोकल’, त्यातलं ‘प्रोग्रॅम्स’ निवडा. ‘अ‍ॅपडेटा’ लपवलेलं असतं. फाईल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’वर टिक केलं की दिसतं. नवं फोल्डर करायचं तर नाव रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्या. देवनागरी नावावर बरीच पॅकेजेस अडतात.

आरस्टुडिओ म्हणजे आर सोयीनं वापरायचं सॉफ्टवेअर. त्याचा इन्स्टॉलर घेऊ नका, त्याच डाउनलोड पानावर खाली मिळणारी झिप घ्या. झिपवर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा, ‘अनब्लॉक’चा चौकोन असेल तर टिक करा, मग ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’. हे एक्स्ट्रॅक्ट करणंच बरेच जण विसरतात: झिप नुसती उघडून आतल्या फाईलवर डबल-क्लिक केलं की विंडोज तेवढीच फाईल बाहेर काढतं, सोबतच्या फाईली आतच राहतात आणि ‘डीएलएल सापडली नाही’ असं येतं. झिप मोठी असते आणि आत फोल्डरात फोल्डर असतात, म्हणून ती ड्राइव्हच्या वरच्या पातळीवर, छोट्या नावाच्या फोल्डरात उघडा. विंडोजमध्ये पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांच्या पुढं गेला की एक्स्ट्रॅक्ट मध्येच अडतं. आरस्टुडिओला आर सापडलं नाही तर कंट्रोल की दाबून धरून ते सुरू करा. कोणतं आर वापरायचं ते विचारणारी खिडकी येते.

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरला एकच मोठा इन्स्टॉलर घेतला तर मोबाईलच्या हॉटस्पॉटवर एका दिवसाचा डेटा त्यातच संपतो. त्याऐवजी ओएसजीओफोरडब्ल्यू हा पॅकेजेस वेगवेगळी उतरवणारा इन्स्टॉलर घ्या. त्यात ‘अ‍ॅडव्हान्स्ड इन्स्टॉल’, मग ‘डाउनलोड विदाउट इन्स्टॉलिंग’ निवडा, पॅकेजेसच्या यादीत ‘डेस्कटॉप’खाली क्यूजीआयएसची एलटीआर (जास्त काळ सांभाळली जाणारी) आवृत्ती धरा आणि सगळं पेनड्राईव्हवर उतरवा. लाइट गेली तरी उतरलेली पॅकेजेस तिथंच राहतात. पुन्हा सुरू केलं की उरलेलीच उतरतात. मग लॅबमध्ये ‘इन्स्टॉल फ्रॉम लोकल डिरेक्टरी’ आणि ‘जस्ट मी’. ‘ऑल यूजर्स’ राहिलं तर पुन्हा पासवर्डच्या दारात.

काही लॅबचे पीसी रीस्टार्ट केले की मूळ स्थितीला जातात, तुम्ही बसवलेलं सगळं पुसलं जातं. अशा ठिकाणी आरस्टुडिओची झिप पेनड्राईव्हवरच उघडून तिथूनच चालवा. पेनड्राईव्ह फॅट३२ असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या, पण फॉरमॅट करण्याआधी आतलं सगळं दुसरीकडं हलवा.

पायथॉनच्या इन्स्टॉलरमध्ये अ‍ॅडमिन अधिकार वापरण्याची टिक असेल तर ती काढा. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरचा ‘यूजर इन्स्टॉलर’ घ्या, ‘सिस्टम’ नको. मराठी फॉन्ट हवा असेल तर विंडोज १०च्या अलीकडच्या आवृत्तीत फाईलवर राइट-क्लिक करून नुसतं ‘इन्स्टॉल’. ‘ऑल यूजर्स’वालं नाही.

काही गोष्टी मात्र या वाटेनं होत नाहीत. प्रिंटरचा किंवा डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, अंगठ्याच्या मशिनची सर्व्हिस (मागं सतत चालणारा प्रोग्रॅम), अँटिव्हायरस: हे सगळं विंडोजच्या आत खोलवर बसतं, अ‍ॅडमिन लागतोच. ‘सिस्टम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने हे अ‍ॅप ब्लॉक केलं आहे’ असं आलं तर लॅबनं यूजर फोल्डरातून प्रोग्रॅम चालवणंच बंद केलंय. त्याला वळसा शोधू नका. सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती आणि कशासाठी हवं ते कागदावर लिहून विभागप्रमुखांमार्फत द्या.

टेलिग्रामवर फिरणारं ‘पोर्टेबल’ म्हणून क्रॅक केलेलं काहीही लॅबमध्ये चालवू नका. तुमच्या फाईली कुलूपबंद करणाऱ्या व्हायरसलाही अ‍ॅडमिन पासवर्ड लागत नाही. तुम्हाला जिथं लिहिता येतं तिथं त्यालाही येतं, आणि पेनड्राईव्हवरचा थीसिस त्यातच असतो.