बँक विलीन होतेय आणि पर्सनल लोन चालू आहे? मग ही तयारी आत्ताच करा

विलीनीकरणाची बातमी आली की कर्जदाराला दोनच प्रश्न पडतात: व्याज वाढणार का, आणि सगळे पैसे एकदम मागणार का? दोन्हींची धास्ती सोडा. तुमचा करार आहे तसाच नव्या बँकेकडे जातो. दर, मुदत, हप्ता सगळ्यासकट. सहकारी बँकेच्या कर्जाला राहिलेले जामीनदारही सुटत नाहीत, त्यांचा जामीन पुढे चालू राहतो. त्यांना हे आपणहून फोन करून सांगा.

खरी काळजी घ्यायची ती तारखांची, कारण तारखा दोन असतात. एक कागदावरची, म्हणजे विलीनीकरण लागू होण्याची, आणि दुसरी संगणकावरची, म्हणजे खाते क्रमांक आणि कोड बदलण्याची. देना आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ला बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या, पण त्यांचे जुने आयएफएससी कोड (पैसे पाठवताना लागणारा शाखेचा कोड) बंद झाले १ मार्च २०२१पासून. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२०ला कॅनरा बँकेत गेली आणि तिचे कोड १ जुलै २०२१पासून थांबले. मधल्या काळात जुनं पासबुक, जुनं चेकबुक चालत राहतं आणि माणूस निर्धास्त होतो. १ मे २०२५ला विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक सारस्वत बँकेत गेली. तुमचं खातं अशा कुठल्याही बँकेत असेल तर शाखेत जाऊन एकच विचारा: माझा खाते क्रमांक आणि कोड कधी बदलणार, की बदलून झाला? उत्तर डायरीत लिहून ठेवा.

मग हप्ता कुठून जातो ते बघा. कर्ज आणि खातं एकाच बँकेत असेल तर काम सोपं आहे. पण कर्ज एका बँकेचं आणि हप्ता दुसऱ्या बँकेतल्या पगाराच्या खात्यातून, असं अनेकांचं असतं. त्यातली हप्ता भरणारी बँक विलीन झाली तर धोका जास्त, कारण कर्ज देणाऱ्या बँकेला त्याची खबर असेलच असं नाही. माझं नेमकं हेच झालं. खात्यात पैसे होते, पण खाते क्रमांक बदलला आणि जुना ‘नॅच’ (NACH) मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची दिलेली परवानगी, परत गेला. दंड दोन्हीकडून लागला आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाच्या अहवालात, उशिराची नोंद चढली. ती काढायला तीन महिने गेले. उपयोगी पडला तो एकच कागद: त्या दिवशी खात्यात पुरेशी शिल्लक होती हे दाखवणारा स्टेटमेंटचा उतारा. म्हणून क्रमांक बदलणार असं कळताच नवा मँडेट भरून द्या आणि तो नोंदला गेल्याची खात्री होईपर्यंत हप्त्याची तारीख स्वतः सांभाळा. पगार काढणाऱ्या कार्यालयातल्या बिल क्लार्कलाही नवा क्रमांक वेळेत द्या. पगारच अडकला तर हप्ता कुठून जाणार?

संगणक बदलण्याआधी कागद हातात घ्या. मंजुरीपत्र, कराराची प्रत, परतफेडीचा तक्ता आणि कर्ज सुरू झाल्यापासूनचं पूर्ण स्टेटमेंट, शाखेच्या शिक्क्यासह. जुनं ॲप बंद झालं की आतला इतिहास सहज मिळत नाही. कर्जासोबत विमा घेतला असेल तर त्याचं प्रमाणपत्र मागा. घरच्यांना त्याची गरज कधी पडेल सांगता येत नाही. हमी म्हणून कोरे चेक दिले असतील तर त्यांचे क्रमांक लिहून घ्या आणि ते परत मागा. सहकारी बँकेत कर्जापोटी शेअर्स घ्यावे लागले असतील, तर त्यांचं काय होणार हे लेखी विचारा. तोंडी उत्तरावर थांबू नका.

व्याजाचं थोडक्यात सांगतो. दर स्थिर असेल तर तो शेवटपर्यंत तोच. बदलता असेल तर करारात लिहिलेल्या तारखेलाच तो फिरतो, आणि हप्ता किंवा मुदत बदलली तर ते तुम्हाला कळवणं बँकेला बंधनकारक आहे. नवी बँक नव्या ग्राहकांना स्वस्तात कर्ज देत असेल तर आपलं कर्ज त्या दरावर आणण्याचा अर्ज जरूर करा, शुल्क किती ते आधी विचारून.

या दिवसांत फोनही फार येतात. ‘बँक बदलली, केवायसी करा, नाहीतर खातं गोठेल’ म्हणत लिंक पाठवतात. ओटीपी कुणालाही सांगू नका, थेट शाखेत जा.

खातं नव्या क्रमांकावर गेलं की पहिले दोन हप्ते पासबुकात बघा, उरलेली मुद्दल जुन्या तक्त्याशी ताडून बघा. मग सिबिलचा अहवाल काढा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. एकच कर्ज दोन बँकांच्या नावावर दिसतंय का, ते तपासा. चूक असेल तर बँकेला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथे एक पैसाही लागत नाही.

आणि ज्यांचं कर्ज नुकतंच फिटलंय त्यांनीही गाफील राहू नये. जुनी शाखा, जुने साहेब जागेवर आहेत तोवर ना-हरकत दाखला घेऊन या.