दिवस जायच्या आधीची तयारी

माझी धाकटी जाऊ तासगावची, दिवाळीनंतर बाळाचा विचार करतीय, तिला जे सांगितलं तेच इथे टाकते कारण डोहाळजेवणाची यादी प्रत्येक घरात असते पण ही नसते.

पहिलं काम रुबेला. अंगावर बारीक पुरळ, थोडा ताप, बाईला काही विशेष वाटत पण नाही, पण पहिल्या १२ आठवड्यांत झाला तर १० पैकी ९ बाळांपर्यंत त्रास पोचू शकतो, बहिरेपण, मोतीबिंदू, हृदयाचा दोष. आणि लस गरोदरपणात देतच नाहीत, घेतली की पुढे एक महिना थांबावं लागतं, म्हणून आत्ताच डॉक्टरांना विचारून, अंगात रुबेलाची प्रतिकारशक्ती आहे का ते रक्त तपासून बघा. २०१८ च्या गोवर-रुबेला मोहिमेत १५ वर्षांपर्यंतच्या पोरांना टोचलं होतं, तेव्हा तुम्ही कॉलेजला असाल तर त्यातून सुटलाय. कांजिण्या लहानपणी झाल्यात का ते आईला विचारा, झाल्या नसतील तर तीही लस आधीच.

दिवस गेले की पहिल्याच तपासणीत एचआयव्ही आणि कावीळ बी, सरकारी दवाखान्यात फुकट होतात, नवऱ्याची पण करा, लाजू नका. एचआयव्ही निघाला तरी गोळ्या वेळेत सुरू करून नीट घेतल्या तर बाळाला लागायचा धोका १०० त एक-दोन इतका खाली येतो, त्यामुळे घाबरून लपवणं हेच सगळ्यात वाईट. कावीळ बी निघाली तर बाळाला जन्मल्यावर १२ तासांच्या आत लस आणि सोबत वेगळं इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन लागतं, ते प्रत्येक छोट्या दवाखान्यात असेलच असं नाही, आधीच विचारून ठेवा.

घरात लहान पोरं असतील तर त्यांचं उष्टं खाऊ नका, मला माहितीये आपल्याकडे पोराच्या ताटातलं टाकवत नाही, पण सीएमव्ही नावाचा विषाणू लाळेतून आणि शी-शूतून येतो आणि बाळाचं ऐकणं जाऊ शकतं. लंगोट बदलला की साबणाने हात. पाण्याची पिंपं आठवड्यातून एकदा घासून कोरडी करा, २०२४ ला पुण्यात गरोदर बायकांना झिका झालेला, तो पोटातल्या बाळाला बाधू शकणारा विषाणू, डास तोच डेंग्यूवाला.

आणि फाईल! तपासण्या सासरी होतात, बाळंतपण माहेरी, आणि रिपोर्ट राहतात सासरच्या कपाटात. सातव्या महिन्यात माहेरी जाताना साडीच्या आधी फाईल बॅगेत जाऊ दे, मोबाईलवर फोटो काढून आईला पण पाठवा. जावेची फाईल मी आणून ठेवलीय, रुबेलाचा रिपोर्ट सोमवारी येतोय.