स्कॉर्पिओ क्लासिक की स्कॉर्पिओ एन? जास्तीचे पैसे कशाला द्यायचे आणि कशाला नाही

डिझेल एसयूव्ही घ्यायची ठरली की हा वाद घरात होतोच. क्लासिक बास झाली की अजून थोडं ताणून एन घेऊ? नाव एकच, दोन्हीत महिंद्राचं २.२ लिटर एमहॉक डिझेल, दोन्ही लॅडर फ्रेमवर (ट्रकसारख्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर) बसवलेल्या, दोन्हीत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना. क्लासिक एक्स शोरूम साधारण १३ ते १७ लाखात बसते, आणि एन १३ च्या पुढे सुरू होऊन पार २४ च्या आसपास जाते. आकडे दर काही महिन्यांनी हलतात त्यामुळे कोटेशन ताजं घ्या, जुन्या व्हिडिओतल्या किमतीवर बजेट ठरवू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून या साइजच्या गाड्यांवर जीएसटी ४० टक्के झाला, त्याआधीचे सगळे आकडे आता रद्दी.

आता नीट बघितलं तर दोघींच्या किमती एकमेकींवर चढलेल्या दिसतात. क्लासिकचं टॉप एस ११ आणि एन चं खालचं झेड ४ डिझेल मॅन्युअल जवळपास एकाच पट्ट्यात येतात. पण शोरूममध्ये तुम्हाला असं कोणी दाखवणार नाही, तिथे क्लासिक शेजारी झेड ८ एल उभी असते, लेदरेट सीट, सनरूफ, मोठी स्क्रीन, मग तुम्ही म्हणता बापरे सात लाखाचा फरक आणि एकतर गपचूप क्लासिक बुक करता नाहीतर भारावून सात वर्षांचं लोन काढता. म्हणून घरातून निघतानाच व्हेरियंट ठरवून जा. तुलना करायची ती तुम्हाला परवडणाऱ्या दोन व्हेरियंटची, गाडीच्या नावाची नाही.

मी एकच कसोटी लावतो. जे नंतर बाहेरून बसवता येत नाही त्याला पैसे द्यायचे, जे बसवता येतं त्याला अजिबात नाही. टचस्क्रीन, सीट कव्हर, अलॉय, रिव्हर्स कॅमेरा, स्पीकर हे सगळं पुण्यात नाना पेठेतल्या अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात मिळतं. इंजिनाची ताकद, गिअरबॉक्स, फोर व्हील ड्राइव्ह, एअरबॅग, बॉडीची मजबुती आणि गाडीची रुंदी यातलं काहीही नंतर बदलत नाही.

इंजिनापासून सुरुवात करू कारण इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. क्लासिकला १३२ पीएस (ताकद) आणि ३०० एनएम टॉर्क (ओढ) आहे. एन म्हणजे १७५ पीएस असं सगळे समजतात, पण झेड २ आणि टू व्हील ड्राइव्ह झेड ४ डिझेल मॅन्युअलला ताकद तेवढीच आहे, १३२ पीएस आणि ३०० एनएम. १७५ पीएस हवं असेल तर टू व्हील ड्राइव्ह मॅन्युअलमध्ये झेड ६ पासून वर जावं लागतं (तिथे टॉर्क ३७० एनएम), किंवा ऑटोमॅटिक घ्यायची, त्यात १७५ पीएस आणि ४०० एनएम मिळतात. सात माणसं आणि मागे सामान भरून खंबाटकी चढताना किंवा ताम्हिणीत ट्रक ओव्हरटेक करताना हा फरक पायाला कळतो. शहरात मात्र १३२ पीएस पुरून उरतं, विद्यापीठ चौकात कोणाला १७५ पीएस वापरता आलेत?

त्या चौकात वापरता येतो तो ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. क्लासिक फक्त सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये येते. रोज हिंजवडी नाहीतर खराडीला जाऊन येऊन दोन तास फर्स्ट-सेकंडमध्ये काढणाऱ्या माणसाने बाकी काहीही न बघता आधी या एका मुद्द्यावर निर्णय घ्यावा असं माझं मत आहे. डावा गुडघा चाळिशीनंतर हिशोब मागतो. आणि घरात बायको, आई, मुलगी पण गाडी चालवणार असतील तर टेस्ट ड्राइव्हला त्यांना पण न्या, क्लासिकला हायड्रॉलिक स्टिअरिंग आहे आणि एन ला इलेक्ट्रिक, पार्किंगमध्ये कमी स्पीडला वळवताना एन बरीच हलकी लागते.

सेफ्टीचं थोडक्यात सांगतो. एन ला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये मोठ्यांसाठी ५ आणि लहान मुलांसाठी ३ स्टार मिळाले. क्लासिक हा जुन्या पिढीचा सांगाडा आहे, त्यात दोन एअरबॅग आणि एबीएस. एन च्या खालच्या मॉडेलला पण एअरबॅग दोनच, सहा हव्या असतील तर वर जावं लागतं, पण खालचा सांगाडा नवा आहे आणि तो सगळ्या मॉडेलमध्ये तोच आहे. एडास, म्हणजे लेन आणि ब्रेक सांभाळायला मदत करणारी यंत्रणा, फक्त अगदी वरच्या झेड ८ एल मध्ये येते. आपल्याकडे लेन बदलताना इंडिकेटर देणं हाच शोध मानला जातो, तेव्हा तेवढ्यासाठी वर जाऊ नका.

वळणावरचा फरक मात्र खरा आहे. क्लासिक उंच आणि अरुंद, १९९५ मिमी उंची आणि १८२० मिमी रुंदी. एन १८५७ मिमी उंच आणि १९१७ मिमी रुंद, मागे वॅट्स लिंकेजचं (मागचा अ‍ॅक्सल आडवा हलू न देणाऱ्या जोडणीचं) सस्पेंशन. वरंधा घाटात मागच्या सीटवरच्या पोरांना उलटी होणं न होणं बऱ्याच अंशी यावर असतं. क्लासिक झुलते, याला कितीही प्रेमाने रोड प्रेझेन्स म्हणा.

पण तीच रुंदी पार्किंगमध्ये नडते. टेप घेऊन खाली जा आणि आपलं पार्किंग मोजा, खरंच मोजा. जागा अडीच मीटर रुंद असेल तर क्लासिक उभी केल्यावर दोन्ही बाजू मिळून ६८ सेंमी उरतात आणि एन उभी केल्यावर ५८, त्यात एका बाजूला कॉलम आला तर उतरणार कुठून? लांबीत पण एन २० सेंमीने जास्त, ४६६२ मिमी विरुद्ध ४४५६. आता उलटी बाजू, सोसायटीत स्टॅक पार्किंग (गाडीवर गाडी ठेवायचं) असेल नाहीतर बेसमेंटचा बीम खाली असेल तर क्लासिकची उंची अडकते, वर कॅरियर लावला की विषयच संपला. स्टॅक पार्किंगच्या प्लेटवर उंची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते, तिचा फोटो काढून ठेवा आणि ब्रोशरमधल्या आकड्यांशी जुळवून बघा. पेठेत राहत असाल तर दोन्ही गाड्यांची डेमो कार एकदा तुमच्या बोळात आणायला सांगा, डीलर आणतो, त्याला गरज आहे.

सीटचा विषय वेगळा. क्लासिक ७ सीटर आणि ९ सीटर अशी मिळते, ९ सीटरमध्ये मागे समोरासमोर आडव्या सीट असतात. गावाकडे लग्नकार्याला माणसं भरायला भारी, पण आडव्या सीटवर लहान मुलांना बसवून हायवेला जाणं मला पटत नाही. एन मध्ये तिसरी रांग पुढे तोंड करून आहे, तिथे उंच माणसाचे गुडघे छातीला लागतात आणि तिन्ही रांगा वापरल्या तर डिकीत दोन पिशव्यांच्या वर काही राहत नाही. म्हणून टेस्ट ड्राइव्हच्या दिवशी आजी-आजोबांना घेऊन जा, त्यांना चढता येतंय का बघा, आणि घरातल्या सगळ्यात उंच माणसाला मागे कोंबा, दहा मिनिटांत निकाल लागतो.

फोर व्हील ड्राइव्ह आता क्लासिकमध्ये नाही, एन च्या निवडक डिझेल मॉडेलमध्ये आहे. मुळशी, वेल्हे, भोर साइडला शेत असेल आणि जुलैत चिखलातून आत जायचं असेल तरच त्यासाठी पैसे घाला. मागच्या चाकांवर चालणारी रिकामी गाडी ओल्या चढावर घसरते, हे दोघींनाही लागू. वर्षातून एकदा लोहगडाच्या पायथ्याला जायचं म्हणून लाखभर रुपये जास्त देण्यात काही अर्थ नाही.

आता पैसे. एक्स शोरूममधला फरक हा खरा फरक नसतो. महाराष्ट्रात डिझेल गाडीला, वैयक्तिक नावावर घेतली तर, रोड टॅक्स १० लाखापर्यंत १३ टक्के, १० ते २० लाखाला १४ आणि २० च्या वर १५ टक्के. म्हणजे १६ लाखाच्या गाडीला साधारण २ लाख २४ हजार आणि २१ लाखाच्या गाडीला ३ लाख १५ हजार, नुसत्या टॅक्समध्येच ९१ हजार वाढले. आणि २० च्या रेषेवर तर गंमतच आहे, १९ लाख ९० हजारच्या गाडीला २,७८,६०० आणि २० लाख १० हजारच्या गाडीला ३,०१,५००, गाडी वीस हजाराने महाग आणि टॅक्स जवळपास तेवीस हजाराने. व्हेरियंट त्या रेषेच्या आसपास असेल तर खालचा बघा. कंपनीच्या नावावर घेणार असाल तर टॅक्स याहून जास्त बसतो, सीएला आधी विचारा. १० लाखाच्या वरच्या गाडीला १ टक्का टीसीएस (विकतानाच घेतलेला आयकर) कापतात, तो खर्च नाही, रिटर्न भरताना वळता होतो, फक्त डीलरकडे पॅन नंबर बरोबर द्या.

मग लोन. समजा दोघींमध्ये ५ लाखाचा फरक आहे आणि तो पूर्ण लोनवर टाकला. ९ टक्के व्याज धरलं तर पाच वर्षांत महिन्याला साधारण १०,४०० आणि एकूण ६ लाख २३ हजार जातात. सात वर्षांवर नेलं तर हप्ता ८,०४४ वर येतो, ऐकायला गोड, पण एकूण ६ लाख ७५ हजाराच्या वर. सेल्सवाला नेहमी हप्ता सांगणार, तुम्ही एकूण विचारा.

डिझेलच्या खर्चावर मात्र या दोघींमध्ये भांडू नका. महिन्याला १,००० किमी, अ‍ॅव्हरेज ११, लिटरला ९० रुपये धरले तर आठ हजाराच्या थोडं वर जातात, आणि अ‍ॅव्हरेजमध्ये एखाद्या किलोमीटरचा फरक पडला तरी महिन्याला सात-आठशे रुपयांचा विषय. थर्ड पार्टी इन्शुरन्सला पण दोन्ही १५०० सीसीच्या वर, त्यामुळे सारखाच, फरक पडतो तो गाडीच्या किमतीवरच्या प्रीमियममध्ये. इन्शुरन्स डीलरकडूनच घ्यायची सक्ती नसते, बाहेरून कोटेशन काढून त्याच्यासमोर ठेवा आणि आकडा कसा खाली येतो ते बघा. कोटेशनमध्ये हँडलिंग चार्जेस नावाची ओळ दिसली तर काढायला लावा.

त्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा, तुम्हाला डिझेल हवीच आहे का? रोजचा प्रवास कोथरूड ते डेक्कन एवढाच असेल तर बीएस ६ डिझेलमधला डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या लाइनमधला काजळी अडकवणारा फिल्टर, साफच होत नाही. त्याला गाडी गरम होऊन वीस-पंचवीस मिनिटं एकसारख्या स्पीडला पळावी लागते, नाहीतर दिवा लागतो, तरी दुर्लक्ष केलं तर गाडी ताकद कमी करते आणि सर्व्हिस सेंटरची वारी. आठवड्यातून एकदा सातारा रोड नाहीतर एक्स्प्रेसवे होत असेल तर चिंता नाही. होत नसेल तर एन पेट्रोलमध्ये पण येते, क्लासिक येत नाही. डीईएफ म्हणजे युरियाचं द्रावण लागतं का, टाकी केवढी, हे पण तुम्ही घेणार त्या व्हेरियंटचं मॅन्युअल उघडून बघा. दिल्लीतल्या १० वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवरच्या नियमाला घाबरू नका, तो तिकडचा आहे, आपल्याकडे पासिंग १५ वर्षांचं असतं आणि पुढे फिटनेस करून वाढवता येतं. बदली होऊन तिकडे जाण्याची शक्यता असेल तर मात्र तिथला ताजा नियम बघून घ्या.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवती एक चक्कर मारून उरकू नका. चांदणी चौकाकडून घेऊन जा नाहीतर कात्रजचा जुना घाट चढवा, थोडा ट्रॅफिक, थोडा खराब रस्ता, एक चढ, एसी फुल, गाडीत चार माणसं. दोन्ही गाड्या एकाच दिवशी चालवा. आणि चालवताय ते मॉडेल विचारा, डेमोला बहुतेक वेळा १७५ पीएसवालीच असते आणि तुम्ही बुक करणार असता झेड ४ मॅन्युअल.

माझं मत विचाराल तर एस ११ कोणी घेऊ नये. त्या पैशात एन मिळते, आणि एस ११ मध्ये वाढवून दिलेलं बरंचसं सामान दुकानात मिळणारं आहे. क्लासिक घ्यायचीच तर साधी एस घ्या, वापर गावाकडचा, माणसं जास्त, ड्रायव्हर ठेवलेला किंवा पार्किंग अरुंद, तिथे ती शोभते आणि कोणताही मेकॅनिक तिला हात लावायला घाबरत नाही. शहरात एकच गाडी असेल तर झेड ४ ऑटोमॅटिक, आणि दर महिन्याला कोकण किंवा कोल्हापूर होत असेल, मॅन्युअल चालत असेल तर झेड ६. त्याच्या वरचे पैसे हौसेचे आहेत, हौस असेल तर जरूर करा, काळी घेऊन मागे "दादा" पण लिहा, फक्त गरज म्हणून बायकोला पटवू नका, तिला कळतं.

बुकिंगचं म्हणाल तर पाडवा-दसऱ्याला डिलिव्हरी हवी असेल तर डिस्काउंट विसरा. डिसेंबरात जास्त सुटतं, पण जानेवारीत ती गाडी कागदावर एक वर्षाने जुनी होते, तेव्हा पाच-सात वर्षांत विकायची असेल तर सुटलेली रक्कम आणि पुढे रिसेलला तुटणारी रक्कम समोरासमोर ठेवून बघा. दहा-बारा वर्षं ठेवणार असाल तर खुशाल डिसेंबरात घ्या. पैसे पूर्ण भरायच्या आधी चेसिस नंबर मागा, त्यावरून ती कधी बनलीये ते काढा, आणि यार्डात जाऊन दिवसाउजेडी गाडी बघा, पत्रा, रंग, काचांवरचे नंबर, टायरची तारीख, स्टेपनी, रीडिंग. सगळं ठीक वाटलं तरच पासिंगला होकार द्या, कारण एकदा तुमच्या नावावर पासिंग झालं की ती गाडी बदलून मिळत नाही.