आई-बाबा इथे कायमचे आले असतील तर पहिल्या वर्षातच करायचं एक काम

मेलबर्नला येऊन मला अठरा वर्षं झाली, आईला सहा. मंडळाच्या गणपतीत नवीन आलेली जोडपी भेटतात तेव्हा व्हिसा, शाळा, घरभाडं, चांगलं पीठ कुठे मिळतं यावर भरभरून बोलणं होतं. आई-वडील कायमचे आलेले असले की विषय मेडिकेअर (सरकारी आरोग्यसेवा) कार्डापाशी थांबतो. पुढे काही विचारलं की उत्तर ठरलेलं: "आमचं आम्ही बघतो." पहिली चार वर्षं मीही हेच म्हणत होते आणि त्याचा त्रास आईने सोसला. तुमच्या घरी तसं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे. काम एवढंच: घरी मिळणाऱ्या सरकारी मदतीसाठी त्यांचं नाव नोंदवणं.

वय ६५ झालं की माणसाला आपल्याच घरात नीट राहता यावं यासाठी ऑस्ट्रेलियाचं केंद्र सरकार पैसा देतं. घरकामाला मदत, आंघोळीला मदत, जेवणाचा डबा, दवाखान्यात ने-आण, गवत कापणं, बाथरूममध्ये धरायला दांडा, नर्स, फिजिओ, आठवड्यातून एकदा बरोबरीच्या माणसांत नेऊन आणणं, हे सगळं त्यात येतं. हे दान नव्हे. तुम्ही इथे जो कर भरता त्यातूनच हे चालतं.

आपल्या लोकांत एक गैरसमज घट्ट बसला आहे: "दहा वर्षं झाल्याशिवाय काही मिळत नाही." दहा वर्षांच्या वास्तव्याची अट एज पेन्शनला आहे, आणि पेन्शनचं वय ६७ आहे. १४३ या कायमच्या पालक व्हिसावर आई-वडिलांना आणताना आपण जी दहा वर्षांची हमी देतो, तीही याच गोंधळात मिसळते. घरी मिळणाऱ्या सेवांना पेन्शनची ही अट नाही. आई-वडील पर्मनंट रेसिडेंट असतील तर आजच नाव नोंदवता येतं. व्हिजिटर किंवा ८७० या तात्पुरत्या पालक व्हिसावर आले असतील तर मात्र यावर विसंबू नका. त्यांच्यासाठी चांगला आरोग्य विमा आधी.

मदतीचे मुख्य मार्ग दोन. कॉमनवेल्थ होम सपोर्ट प्रोग्रॅम २०१५ पासून आहे आणि तो थोडक्या मदतीसाठी आहे. यात सरकार पैसा संस्थेला देतं, आणि ती संस्था तुमच्या आईला सेवा देते. तुम्ही आपला छोटा वाटा भरायचा. दुसरा सपोर्ट ॲट होम, वृद्धसेवेच्या नव्या कायद्याबरोबर १ नोव्हेंबर २०२५ ला सुरू झालेला. यात पैसा त्या माणसाच्या नावावर मंजूर होतो आणि दर तीन महिन्यांनी त्याचं बजेट मिळतं. आठ पायऱ्या आहेत, सर्वांत खालची वर्षाला साधारण ११ हजार डॉलरची, सर्वांत वरची ७८ हजारांची. नर्सिंग, फिजिओ अशा वैद्यकीय सेवांना खिशातून काही द्यावं लागत नाही. साफसफाई, बागकाम यांसारख्या कामांना पूर्ण पेन्शन घेणाऱ्याला १७.५ टक्के भरावे लागतात. स्वतःच्या पैशावर जगणाऱ्याला हाच वाटा ८० टक्क्यांपर्यंत जातो. म्हणून सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया या सरकारी खात्याने उत्पन्नाची माहिती मागितली की ती वेळेवर द्या. सांगलीतल्या फ्लॅटचं काय लिहायचं म्हणून आमच्या ओळखीत एकांनी तो अर्ज तसाच ठेवला, आणि बिल सगळ्यात वरच्या दराने आलं.

दोन्ही मार्गांची सुरुवात एकाच फोनने होते: माय एज्ड केअर ही सरकारी सेवा, १८०० २०० ४२२. मेडिकेअर कार्ड हाताशी ठेवा. इंग्रजी जड जात असेल तर सरकारी दुभाषी सेवेच्या १३१ ४५० वर आधी मराठी दुभाषी मागा, मग ते पुढे जोडून देतात. दुभाष्याचे पैसे पडत नाहीत. तुमचं नाव "रजिस्टर्ड सपोर्टर" (त्यांच्या वतीने बोलणारा, मदत करणारा माणूस) म्हणून लावून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी तुमच्याशी कुणी बोलणार नाही. ही परवानगी आई-बाबांच्याच तोंडून यावी लागते, म्हणून फोन करताना त्यांना शेजारी बसवा.

यानंतर किती मदत लागते ते ठरवणारा असेसर घरी येतो, आणि आपली माणसं चुकतात ती इथेच.

आमच्याकडे असेसर यायच्या त्या दिवशी आईने पहाटे उठून ओटा लख्ख पुसला, चांगली साडी नेसली, चहाबरोबर चकल्या मांडल्या. "आंघोळ स्वतः करता?" "हो." "जिना चढता?" "चढते की." दुभाषी मीच होते. पाच पायऱ्या चढल्यावर ती बसते, हे मला माहीत होतं, पण आईसमोर तिचं दुखणं परक्या बाईला सांगायला माझी जीभ वळली नाही. तासाभराने त्या बाई तिचं कौतुक करून गेल्या. पत्र आलं: पंधरा दिवसांतून एकदा साफसफाई. एवढंच.

वर्षभराने आम्ही पुन्हा असेसमेंट मागितलं, या वेळी फोनवर मराठी दुभाषी घेऊन. असेसरने मला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. महिन्याने सपोर्ट प्लॅन घरी आला, तेव्हा आई काय बोलली ते मी वाचलं. ती बाथरूममध्ये दोनदा पडली होती. तेव्हापासून मी घरी असेन तेव्हाच, पालथ्या बादलीवर बसून ती आंघोळ करत होती. ती पालथी बादली मला रोज दिसायची. मला वाटायचं, जुनी सवय आहे.

त्यानंतर ऑक्युपेशनल थेरपिस्ट (घरातल्या हालचाली सोप्या करून देणारी तज्ज्ञ) येऊन मापं घेऊन गेली. दांडे बसले, आंघोळीची खुर्ची आली, आठवड्यातून तीनदा मदतीला एक बाई येऊ लागली.

तेव्हा दुभाषी तुम्ही होऊ नका. लेकासमोर, सुनेसमोर, लेकीसमोर आपली पिढी शरीराचं बोलत नाही. असेसर येण्याआधी दोन आठवडे एका वहीत लिहून ठेवा: रात्री किती वेळा उठल्या, गोळ्या कधी चुकल्या, कुठे तोल गेला. घर होतं तसंच राहू द्या. आणि आई-बाबांना आधीच समजावा की चांगल्या दिवसाचं नाही, वाईट दिवसाचं सांगायचं.

मंजुरी आली म्हणजे मदत आली असं नाही. थोडक्या मदतीच्या मार्गात तुम्हाला रेफरल कोड मिळतो आणि संस्था तुम्हीच शोधायची. मी अकरा ठिकाणी फोन केले, त्यांतल्या सात जणांनी यादी बंद आहे म्हणून सांगितलं. मोठ्या बजेटच्या रांगेत महिनोन् महिने जातात. म्हणूनच मी पहिल्या वर्षाचा आग्रह धरते. गरज दारात उभी राहिल्यावर रांगेत उभं राहणं फार जिवावर येतं.

कुठे अडलात, संस्थेने वाईट वागवलं, बिल कळेना, तर १८०० ७०० ६०० या क्रमांकावर ओपन (वृद्धांची बाजू मांडणाऱ्या संस्थांचं जाळं) चे लोक तुमच्या बाजूने फुकट बोलतात. वृद्धसेवेच्या दुरवस्थेवर नेमलेल्या रॉयल कमिशनने २०२१ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर आलेल्या नव्या कायद्यात वृद्धांचे हक्क लिहिले आहेत, आणि आपल्या पसंतीच्या भाषेत बोलण्याचा हक्क त्यांत आहे. तो मागून घ्यायला संकोच करू नका.

आता एकटेपणाबद्दल, कारण खुर्ची आणि दांड्याने तो जात नाही. दिवसभर मुलं कामावर, नातवंडं शाळेत, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सरकारी पैशावर चालणारी एक योजना आहे, एज्ड केअर व्हॉलंटिअर व्हिजिटर्स स्कीम. सपोर्ट ॲट होम घेणाऱ्या किंवा त्यासाठी मंजुरी मिळालेल्या एकट्या वृद्धाकडे एक स्वयंसेवक नियमित गप्पा मारायला येतो. मराठी बोलणारा मागा. नसेल, तर तुम्ही स्वतः नाव नोंदवा, दुसऱ्या कुणाच्या आईसाठी.

शिवाय स्थानिक कौन्सिलकडे (नगरपालिकेकडे) ज्येष्ठांच्या गटांसाठी छोटी अनुदानं आणि स्वस्तातले हॉल असतात. गट नोंदणीकृत असावा लागतो, विमा लागतो, आणि वर्षअखेरी पैशाचा हिशेब चोख द्यावा लागतो. आमच्या भागात पाच-सहा घरांनी मिळून हे केलं. बुधवारी सकाळी साडेनऊला कौन्सिलची छोटी बस येते. आई नऊलाच स्वेटर घालून, पिशवीत भजनाची वही आणि सगळ्यांपुरत्या शेंगदाण्याच्या वड्या घेऊन दाराशी बसलेली असते.